साकळणे आणि गोठणे : रक्ताच्या एका परीक्षेचा इतिहास

मराठीत पातळ पदार्थ घट्ट होण्याच्या क्रियेला एकच शब्द पुरत नाही. तूप थिजते, दूध विरजते, पाणी गोठते आणि रक्त साकळते. वरवर पाहता या क्रिया सारख्या; परंतु भाषेने त्यांच्यातील भेद फार पूर्वी ओळखला आहे. थिजणे आणि गोठणे थंडीने होते आणि ऊब मिळताच उलटते. विरजायला बाहेरून विरजण लागते. साकळण्याला यांपैकी काहीच लागत नाही. मुका मार बसला की कातडीखाली रक्त साकळते, ते अंगाच्या उबेतच साकळते, आणि शेकून पुन्हा पहिल्यासारखे वाहू लागत नाही. अलीकडच्या पाठ्यपुस्तकी मराठीने हा भेद पुसून टाकून ‘रक्त गोठणे’ असा सरसकट प्रयोग रूढ केला. तो आता परत फिरवता येईल असे आम्हांस वाटत नाही. तरीही प्रस्तुत लेखापुरता आम्ही जुना भेद पाळणार आहोत, कारण ज्या परीक्षेविषयी येथे लिहायचे आहे तिचे मर्म नेमके या दोन क्रियापदांच्या मध्ये आहे.

ही परीक्षा म्हणजे रक्त साकळवणाऱ्या प्रथिनांची प्रयोगशाळेतील तपासणी. हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रँड रोग आणि त्यांच्या भावंडांसारखे इतर जन्मजात रक्तस्रावी विकार तिच्यावाचून निश्चितपणे ओळखता येत नाहीत. तिचे पथ्य विलक्षण आहे. नळीत घेतलेले रक्त परीक्षेपूर्वी साकळू द्यायचे नसते; आणि परीक्षा दूरच्या गावी व्हायची असेल तर त्यातील प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव, चार तासांच्या आत वेगळा काढून गोठवावा लागतो. साकळू न देणे सोपे आहे, गोठवणे कठीण. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द नावाचे गाव आहे. तेथून नागपूर पवनी, भिवापूर, उमरेड असे करत ८०-९० किलोमीटर, आणि मुंबईतील परळ रेल्वेने रात्रभराच्या पल्ल्यावर. या अंतराचा आणि रक्तस्रावी विकारांच्या इतिहासाचा काही संबंध आहे काय? आमच्या मते आहे, आणि तो वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत सहसा येत नाही.

या विकाराचा सर्वांत जुना पुरावा प्रयोगशाळेत सापडत नाही, तो धर्मशास्त्राच्या चर्चेत सापडतो. ज्यूंच्या ताल्मूदमध्ये दुसऱ्या शतकातील एक मत नोंदलेले आहे. एखाद्या आईची दोन मुले सुंतेनंतर दगावली असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. त्याच चर्चेत चार बहिणींची हकीकत येते. पहिलीचा मुलगा सुंतेनंतर गेला, दुसरीचा गेला, तिसरीचा गेला. चौथी आली तेव्हा तिला थांबवण्यात आले. हे शास्त्रकार रक्ताविषयी काही सांगत नाहीत, ते नात्याविषयी सांगतात, आणि ते नाते आईकडचे आहे. आमच्याकडे चरकसंहितेत रक्तपित्ताचे सविस्तर विवेचन आहे. त्यात नाकातोंडातून आणि इतर मार्गांनी होणाऱ्या अनेक प्रकारच्या रक्तस्रावांचा समावेश होतो. काही उत्साही लेखक त्यातच हिमोफिलिया शोधू पाहतात. हा मोह टाळावा हे बरे. रक्तपित्ताचा विचार दोषांच्या प्रकोपाचा आहे, मामा-भाच्याच्या नात्याचा नव्हे.

फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन कॉनराड ऑटो यांनी १८०३ मध्ये काही कुटुंबांतील रक्तस्रावाच्या प्रवृत्तीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशायरमधील प्लिमथजवळ येऊन राहिलेल्या स्मिथ नावाच्या एका स्त्रीपासून त्यांनी हा धागा पकडला. त्रास पुरुषांनाच होतो, पण तो पुढे जातो स्त्रियांमार्फत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. १८२८ मध्ये होप्फ यांच्या प्रबंधात ‘हिमोफिलिया’ हा शब्द अवतरला. त्याचा शब्दशः अर्थ ‘रक्ताची ओढ’ किंवा ‘रक्तप्रेम’. व्याधीला इतके विसंगत नाव क्वचितच मिळाले असेल. पुढे राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड, रशियाचा युवराज अलेक्सेई यांच्यामुळे हा ‘राजघराण्यांचा रोग’ म्हणून प्रसिद्धी पावला. त्या प्रसिद्धीने अज्ञानात भरच घातली. झोपडीत जन्मलेल्या मुलाला राजाचा रोग होऊ शकतो हे कोणाच्या मनात यावे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या विकाराचे निदान म्हणजे एक कथा होती. आजीने सांगितलेली, वंशावळीच्या रूपात मांडलेली. तिच्यात एक पात्र अटळ असे. मुलाचा विकार आईकडून येतो, आईत तो सहसा दिसत नाही, म्हणून साक्षीदार शोधायचा तो आईच्या भावांत. मराठी घरात मामा हे लाडाचे, हक्काचे नाते. हिमोफिलियाच्या इतिहासात तेच पुराव्याचे नाते आहे. दात पडला आणि रक्त दोन दिवस थांबेना, गुडघा विनाकारण सुजला, असे मामाच्या बाबतीत घडले होते काय, हा प्रश्न आजही कोणताही जाणता डॉक्टर प्रथम विचारतो. परंतु या कथेला दोन मर्यादा होत्या. सुमारे एक-तृतीयांश कुटुंबांत पूर्वी कोणालाही त्रास झालेला नसतो. जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो. तेथे कथा मुकी. आणि जेथे ती बोलते तेथे ती आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. ‘तिच्या माहेरचे रक्तच तसले’ हे वाक्य ज्या घरांत उच्चारले जाते तेथे ते विज्ञानाच्या नावाने उच्चारले जात नाही. पण विज्ञानाचा अर्धा भाग त्याच्या बाजूने साक्ष देतो, हे त्यातील दुःख आहे.

कथेच्या जागी घड्याळ आले ते विसाव्या शतकात. १९१३ मध्ये ली आणि व्हाइट यांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ते साकळायला किती मिनिटे लागतात हे मोजण्याची पद्धत बसवली. नळी थोड्या थोड्या वेळाने तिरकी करायची; रक्त हलेनासे झाले की वेळ टिपायची. इतकी साधी. तीव्र हिमोफिलिया तिच्यात उघड होई, सौम्य मात्र निसटून जाई. १९३५ मध्ये आर्मंड क्विक यांनी ‘प्रोथ्रॉम्बिन टाइम’ आणला. प्लाझ्मात ऊतकांपासून काढलेला थ्रॉम्बोप्लास्टिन हा जोरकस पदार्थ आणि कॅल्शियम घालायचे, आणि सेकंद मोजायचे. गंमत अशी की हिमोफिलियाच्या रुग्णांत ही परीक्षा अगदी ठीक येई. ढकलणारा हात इतका जोरदार की मधली मोडकी पायरी लक्षातच येऊ नये, तसे ते होते. १९५३ मध्ये उत्तर कॅरोलिनात लँगडेल, वॅग्नर आणि ब्रिंकहाउस यांनी तो पदार्थ मुद्दाम अर्धाच, म्हणजे त्याचा केवळ स्निग्ध भाग, वापरून पाहिला. आणि मोडकी पायरी दिसली. या ‘अर्धवट’ परीक्षेलाच १९६१ मध्ये प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी केओलिनची, म्हणजे चिनीमातीच्या पुडीची, जोड देऊन स्थिर केले. आज प्रयोगशाळेच्या कागदावर ‘एपीटीटी’ अशी जी अक्षरे दिसतात ती हीच.

तथापि आमच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण घड्याळाचा नाही, मिसळण्याचा आहे. ब्युनोस आयर्समध्ये पावलोव्स्की यांना १९४७ मध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. एका हिमोफिलिया-रुग्णाचे रक्त दुसऱ्या हिमोफिलिया-रुग्णाच्या रक्तात मिसळले, आणि ते साकळले. दोघेही अपुरे, पण एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढलेली. याचा अर्थ त्यांच्या उणिवा वेगळ्या होत्या. ऑक्सफर्डमध्ये रोझमेरी बिग्ज, मॅकफर्लेन आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये अशा सात रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातील एका पाच वर्षांच्या मुलाचे आडनाव ख्रिसमस होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळच्या आठवड्यातील अंकात ‘ख्रिसमस डिसीझ’ हे नाव छापून आले. स्टीफन ख्रिसमस पुढे कॅनडात मोठा झाला, रक्तातून एचआयव्हीची लागण होऊन १९९३ मध्ये वारला. रशियाच्या युवराजाला नेमके काय होते हे २००९ मध्ये, त्या घराण्याच्या अस्थींतील डीएनए तपासल्यावर कळले. तोही ख्रिसमस रोगच निघाला.

खाटेजवळ उभे राहून हे दोन विकार वेगळे ओळखता येत नाहीत. सूज तीच, वेदना तीच, वंशावळही तीच. पण एकाला फॅक्टर ८ लागतो, दुसऱ्याला फॅक्टर ९. चुकीचा दिला तर मौल्यवान औषध शिरेतून जाते आणि रक्त वाहतच राहते.

त्याच १९५२ साली, मे महिन्यात, लॅन्सेटमध्ये मुंबईचा एक लेख आला होता. भेंडे, देशपांडे, भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह एका नव्या रक्तगटाची नोंद केली होती. ए, बी, ओ या साऱ्यांच्या मुळाशी असलेला एच हा घटकच ज्यांच्या पेशींवर नाही, असे हे लोक. जगाने त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटले. एकाच वर्षी एका उणिवेला मुलाचे नाव मिळाले, दुसरीला शहराचे. दोन्ही उणिवा शोधण्याची रीत एकच, दुसऱ्याच्या रक्ताशी गाठ घालून पाहणे. रक्तात जे नाही ते एकटे पाहून दिसत नाही. या शोधाच्या परंपरेतच १९५७ मध्ये परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. १९८२ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था झाले. महाराष्ट्रात रक्तस्रावी विकारांच्या सूक्ष्म निदानाचा इतिहास बऱ्याच अंशी या संस्थेचा इतिहास आहे.

परंतु रक्तगट आणि साकळण्याची प्रथिने यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो आमच्या विषयाच्या केंद्राशी आहे. रक्तगटाची परीक्षा पेशींवरील खूण वाचते. खूण टिकाऊ असते, शीतपेटीतून ती प्रवास सोसते. साकळण्याची परीक्षा खूण वाचत नाही, ती एक घटना घडवून आणते आणि ती घडायला लागलेला वेळ मोजते. घटना घडवणारी प्रथिने अल्पायुषी. फॅक्टर ८ तर नळीत तासागणिक क्षीण होत जातो. म्हणजे निरोगी माणसाचे रक्त बसच्या टपावर तापत उशिरा पोहोचले तर परीक्षेत तो माणूस रोगी ठरू शकतो.

ही परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखे आहे. निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट आधीच भरलेले असते; ते रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून रक्त साकळत नाही. प्रमाण नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. खुणेपर्यंत नळी भरली नाही तर प्रमाण बिघडते आणि उत्तर खोटे येते. लहान मुलाची शीर सापडत नाही, मूल रडते, नळी अर्धी राहते. निदान चुकण्याची सुरुवात अनेकदा येथेच होते. मग नळी यंत्रात गरगरवून प्लाझ्मा काढायचा, अंगाच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना आणायचा, केओलिनसारखे द्रव्य घालायचे, शेवटी कॅल्शियम परत द्यायचे, आणि घड्याळ सुरू. निरोगी प्लाझ्मा साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास साकळतो. उशीर झाला तर त्यात तेवढाच निरोगी प्लाझ्मा मिसळून पुन्हा पाहायचे. उशीर भरून निघाला तर काहीतरी उणे आहे. नाही निघाला तर कोणीतरी अडवते आहे, म्हणजे प्रतिद्रव्य आहे. उणे काय, हे ठरवायला ज्यात केवळ फॅक्टर ८ नाही असा प्लाझ्मा घ्यायचा, त्यात रुग्णाचा प्लाझ्मा पातळ करून मिसळायचा, आणि तो किती उणीव भरतो हे निरोगी लोकांच्या एकत्रित प्लाझ्माशी ताडून टक्क्यांत मांडायचे. १ टक्क्याहून कमी तो तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की मुलाची तीव्रता सांगणारा हा आकडा त्याच्या एकट्याचा नसतोच. तो अनेक अनोळखी निरोगी माणसांच्या सरासरीशी त्याचे नाते सांगतो.

१९६४ मध्ये मॅकफर्लेन यांनी ‘कॅस्केड’ आणि डेव्ही-रॅटनॉफ यांनी ‘धबधबा’ अशी दोन रूपके एकाच वर्षी मांडली. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीला जोर वाढत जातो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे रूपकांचे योगायोग उद्बोधक वाटावेत. मॅकफर्लेन यांनी निवृत्तीनंतर फ्लोरी आणि फ्लेमिंग यांची चरित्रे लिहिली, हेही जाता जाता सांगायला हवे. मात्र हा धबधबा काचेच्या नळीतला. जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचे रक्त नळीत साकळतच नसे, पण आयुष्यात त्याला कधी रक्तस्रावाचा त्रास झाला नाही. १९६८ मध्ये तो वारला तो फुप्फुसात गुठळी अडकून. त्याच्याच नावाचा घटक पुढे फॅक्टर १२ झाला. उलट फॅक्टर १३ उणा असेल तर घड्याळाच्या साऱ्या परीक्षा निर्दोष येतात आणि तरी बाळाच्या नाळेतून रक्त झिरपत राहते. गुठळी होते, पण ती पक्की नसते. हे पाहण्यासाठी गुठळी युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवतात. उणीव असेल तर ती विरघळते. शेतात पोत्यांनी पडणारा युरिया निदानाच्या कामी येतो हे ऐकून आमच्या वर्गातील शेतकऱ्यांची मुले हसतात. ते हसू आम्हांला आवडते.

आता गोसीखुर्दकडे. पूर्व विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो आशाताईंच्या तोंडी आहे, शाळेच्या तपासणीत आहे, सोयरीक जुळवतानाच्या कुजबुजीत आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल लक्षणावरील नोंद १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. हिमोफिलिया हा शब्द मात्र याच गावांत परका आहे. कारण काय? सिकलसेल कितीतरी पटींनी अधिक आढळतो, हे पहिले कारण, आणि ते खरेच आहे. पण ते पुरेसे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दर १ लाख पुरुषांमागे सुमारे १७ जणांना हिमोफिलिया ए असतो. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. तेव्हा त्यात अशी शंभरेक माणसे असावीत, जगली-वाचली असतील तर. एका जिल्ह्यात शंभर माणसे एखाद्या नावाशिवाय राहावीत हे केवळ विरळपणाने घडत नाही.

दुसरे कारण परीक्षेच्या स्वभावात आहे. सिकलसेलची प्राथमिक चाचणी गावच्या शिबिरात होते. बोटातून थेंब घ्या, द्रावणात टाका, गढूळ झाले की संशय धरा. पुढील पक्की तपासणी दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी झाली तरी बिघडत नाही. लाल पेशींतील हिमोग्लोबिन थंडाव्यात काही दिवस थांबते. सिकलचे रक्त प्रवास करते, साकळण्याचे रक्त करत नाही. म्हणून एका विकाराची गावोगाव गणना होऊ शकली आणि दुसऱ्याची झाली नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने हिमोफिलियासाठी उपचारकेंद्रे उघडली तेव्हा सुरुवातीच्या नावांत अमरावती, नाशिक, सातारा, ठाणे होती. वैनगंगेचे खोरे त्या नकाशावर दूरच राहिले. तिसरेही एक कारण आम्हांला सुचते. सिकलसेल काही विशिष्ट समाजांत अधिक, म्हणून त्याची चर्चा समाजाच्या नावाने झाली. त्यात कलंक होता, पण मागणी करणारा आवाजही त्यातूनच उभा राहिला. हिमोफिलिया जात पाहत नाही. शंभर घरे शंभर ठिकाणी विखुरलेली; त्यांना एकमेकांची नावे ठाऊक नाहीत.

विखुरणे हा शब्द गोसीखुर्दच्या संदर्भात जपून वापरावा लागतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते येथील धरणाचा पायाभरणी समारंभ झाला. त्यानंतरच्या दशकांत भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे जलाशयाखाली गेली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही त्याही पलीकडे. विस्थापनावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, जमिनीविषयी, मोबदल्याविषयी, देवळांविषयी. वंशावळीच्या स्मृतीचे काय झाले याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आई एका वसाहतीत, तिचा भाऊ दुसऱ्या तालुक्यात, आणि लहानपणी रक्त थांबेना म्हणून गेलेल्या मोठ्या मामाला ओळखणारी म्हातारी माणसे तिसरीकडे. जेथे प्रयोगशाळा नाही तेथे कथा हाच पुरावा असतो; आणि मामाचे गाव पाण्याखाली गेले की त्या कथेचे साक्षीदार पांगतात. गावात तापाला कमरेत इंजेक्शन देण्याची रीत सार्वत्रिक आहे. हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूतील ती सुई म्हणजे आतल्या आत रक्ताचा गोळा. ‘याच्या मामाला सुई सोसली नव्हती’ एवढे एक वाक्य वेळेवर कोणी उच्चारले तर तो गोळा टळतो.

या साऱ्या विवेचनात स्त्रिया आतापर्यंत वाहक म्हणूनच आल्या, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. तो दोष विषयाचा नाही, इतिहासलेखनाचा आहे. फिनलंडच्या एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाचा विकार वर्णिला. त्यातील यॉर्डिस ही मुलगी तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्या मासिक पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली. हा विकार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो आणि जन्मजात रक्तस्रावी विकारांत तोच सर्वाधिक आढळतो. मराठीत ‘अंगावरून जाणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. सौम्य, झाकलेला, सोसण्याला सरावलेला. या शब्दाआड किती यॉर्डिस गेल्या असतील याचा हिशेब मांडता येत नाही, कारण बाईच्या पाळीचे रक्त तपासण्याजोगे आहे असेच मुळात कोणाला वाटत नाही. या विकाराच्या परीक्षेचा जन्मही चमत्कारिक आहे. रिस्टोसेटिन नावाचे प्रतिजैविक रुग्णांच्या प्लेटलेट कमी करते म्हणून वापरातून काढून टाकण्यात आले. १९७१ मध्ये लक्षात आले की नळीत ते प्लेटलेटना एकत्र चिकटवते, आणि व्हॉन विलेब्रँड घटक उणा असेल तर चिकटवत नाही. औषध म्हणून नापास झालेले द्रव्य परीक्षक झाले.

गेल्या तीन-चार दशकांत घड्याळाला एक प्रतिस्पर्धी मिळाला. फॅक्टर ८ चे जनुक १९८४ मध्ये उलगडले. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या जवळजवळ निम्म्या कुटुंबांत त्या जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो, हे १९९३ मध्ये कळले. डीएनए टिकाऊ असतो. त्याचे रक्त टपालाने गेले तरी चालते. परळच्या संस्थेत वाहक स्त्रियांची ओळख आणि गर्भनिदान यांवर दीर्घकाळ काम झाले आहे. येथे कायद्याशी एक अवघड गाठ पडते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, आणि ते वर्ष १९८८, गोसीखुर्दच्या पायाभरणीचेच. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गर्भनिदानावर निर्बंध घातले, परंतु लिंगनिगडित आनुवंशिक रोगांच्या निदानासाठी वाट ठेवली. एरवी मुलीच्या गर्भावर येणारे संकट या एका विकारात मुलाच्या गर्भावर येते. पण जनुकाचा मार्ग सुरू होतो तो कुटुंबातील एका तरी रुग्णाचे निदान झाल्यावर: ए की बी, किती टक्के. म्हणजे पुन्हा ताजा प्लाझ्मा, पुन्हा चार तास.

अलीकडे तर औषधच घड्याळाला चकवू लागले आहे. एमिसिझुमॅब हे २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध फॅक्टर ८ चे काम त्याच्याविना करून देते. ते घेणाऱ्या रुग्णाची एपीटीटी अगदी सामान्य, कधी त्याहूनही कमी येते. आकडा म्हणतो बरा झाला, रोग मात्र तेथेच. अशा रुग्णाची टक्केवारी मोजायला वेगळ्या रासायनिक रंगाच्या चाचण्या लागतात आणि त्या मोठ्या प्रयोगशाळांतच होतात. दुसऱ्या बाजूने परळच्या त्याच संस्थेने हिमोफिलिया ए आणि व्हॉन विलेब्रँड रोगासाठी रुग्णाजवळच करता येईल अशी झटपट चाचणी विकसित केली आहे, आणि चंद्रपूरला संस्थेचे केंद्रही उभे आहे. सिकलसेलच्या थेंबाप्रमाणे हा थेंबही गावातच वाचता आला, तर साकळण्याच्या परीक्षेचा नकाशा प्रथमच वैनगंगेपर्यंत येईल.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिघांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. नोकरीतील राखीव जागांच्या कलमात मात्र त्या तिघांचाही समावेश नाही. यादीत नाव असण्याचा जो काही उपयोग आहे तो प्रमाणपत्राने मिळतो, आणि प्रमाणपत्रासाठी निदानाचा कागद लागतो. पवनी तालुक्यातील मुलासाठी तो कागद मिळवायचा म्हणजे रक्त पाठवून भागत नाही. मुलालाच सकाळी पहिल्या बसने नागपूरला न्यावे लागते, सुजलेल्या गुडघ्यासह. आणि बरोबर आईला, कारण मामाविषयी विचारले जाईल.